शेजारघरचा देव : प्रस्तावना

ख्रिस्ती पालकांसाठी परदेशात निघालेली पुस्तकं आपल्याकडेही येतात. मुलांशी इतर धर्मांविषयी कसं बोलावं, हा त्यांतला एक ठरलेला विषय. ती चाळताना एक गोष्ट पटकन लक्षात येते. त्या पुस्तकांतलं मूल ख्रिस्ती शेजारात वाढलेलं असतं, आणि एके दिवशी त्याच्या वर्गात डोक्याला रुमाल बांधलेली एक मुलगी येऊन बसते. मूल घरी येऊन प्रश्न विचारतं आणि आई पुस्तक उघडते. आपल्याकडे हा 'एके दिवशी' कधी उगवतच नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती माणसं भरली सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे शंभरात एकसुद्धा पुरता नाही. वसईच्या एखाद्या गावात किंवा नगरच्या एखाद्या जुन्या मिशन कंपाउंडात संख्येचा थोडा आधार वाटतो, पण फाटकाबाहेर पडलं की संपलं. आपल्या मुलाला प्रभूची प्रार्थना धड म्हणता येण्याआधी गणपतीची आरती टाळ्यांसकट पाठ झालेली असते. शाळेत रोज प्रार्थनेच्या वेळी ते पसायदान म्हणतं. रमजानमध्ये संध्याकाळी भजी कुठे चांगली मिळतात, तेही त्याला आपल्याआधी कळतं.

म्हणून हे पुस्तक इतर धर्मांची ओळख करून देण्यासाठी लिहिलेलं नाही. ओळख झालेलीच आहे. त्या ओळखीविषयी घरात, जेवणाच्या ताटावर, शाळेच्या रिक्षेची वाट पाहताना, आपण काय बोलतो आणि काय बोलायचं टाळतो, एवढाच इथला विषय.

मुलांचे प्रश्नही आपल्या अपेक्षेप्रमाणे नसतात. गणपतीला सोंड का, हे ती आपल्याला विचारत नाहीत. ते त्यांना शेजारच्या काकूंनी केव्हाच सांगितलेलं असतं. आपल्याकडे येतात ते निराळे प्रश्न. सईची आई रोज देवपूजा करते आणि ती खूप चांगली आहे, मग आजी तिला 'अंधारातली' का म्हणते? अल्लाला मराठी येतं का? आपण मूर्तीला नमस्कार करत नाही, मग येशूच्या चित्रासमोर मेणबत्ती का लावतो? हा शेवटचा प्रश्न कॅथलिक घरात एका तऱ्हेने अडचणीचा आणि प्रॉटेस्टंट घरात दुसऱ्या तऱ्हेने. तिथे त्याचं उत्तर बहुधा कॅथलिकांवर ढकललं जातं.

अशा वेळी आपण दोनपैकी एक पळवाट धरतो. पहिली भीतीची. 'ते सैतानाचं आहे, तिकडे बघू नकोस.' मूल बघतंच, आणि त्याला तिथे सैतान दिसत नाही. त्याला दिसतात फुलं, समई, हातावर तीर्थ घालणारे प्रेमळ आजोबा. आपल्या शब्दाची किंमत त्या दिवशी थोडी उतरते, आणि पुढे आपण येशूविषयी जे सांगू त्यालाही तीच घट लागते. दुसरी पळवाट गुळगुळीतपणाची. 'सगळे देव एकच, बाळा, नावं फक्त वेगळी.' हे ऐकायला सुसंस्कृत वाटतं आणि संभाषण लगेच संपतं, हा त्याचा मोठा फायदा. पण मशिदीतल्या मौलवींना, बुद्धविहारातल्या भन्तेजींना हे वाक्य सांगून पाहा. ते नम्रपणे नाही म्हणतील, कारण त्यांनी त्यांच्या श्रद्धेचा आपल्याहून जास्त विचार केलेला असतो. हिंदू शेजाऱ्यांना कदाचित ते वाक्य पटेल. त्यांच्या परंपरेत त्याला जागा आहे. आपल्या परंपरेत त्याला तशी जागा नाही. ख्रिस्ताच्या क्रूसाविषयी आपण रविवारी जे म्हणतो ते सोमवारी शेजाऱ्याच्या ओटीवर पुसून टाकायचं, हे मुलाच्या नजरेतून सुटत नाही.

दोन्ही पळवाटांत दोष एकच: दोन्ही ठिकाणी आपण खोटं बोलतो. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये ही आज्ञा आपण मुलांकडून पाठ करून घेतो. प्रॉटेस्टंट मोजणीत ती नववी, कॅथलिक मोजणीत आठवी. शेजाऱ्याने चोरी केली असं खोटंच सांगणं जर त्या आज्ञेत मोडतं, तर तो दगडाला देव समजतो असं त्याला न विचारता सांगणंही मोडतं. या पुस्तकाचा सगळा भार या एका गोष्टीवर आहे. शेजाऱ्याच्या धर्माविषयी मुलाला जे सांगायचं, ते शेजारी दाराआड उभा असला तरी जसंच्या तसं सांगता आलं पाहिजे. त्याला ते पटायला हवं असं नाही. 'तुमचं मत मला पटत नाही, पण मी काय मानतो ते तुम्ही बरोबर सांगितलंत,' एवढं त्याने म्हणावं.

आता बायबल. या विषयावर शास्त्रात काही सापडत नाही अशी तक्रार संडे स्कूलचे शिक्षक करतात तेव्हा मला नवल वाटतं. रूथ मवाबी होती. योनाला ज्या निनवेचा राग होता तिथल्या माणसांची, इतकंच काय गुराढोरांचीही, देवाला दया आली. पौल अथेन्सला गेला तेव्हा मूर्ती पाहून त्याचा जीव आतून खवळला, पण बोलायला उभा राहिला तेव्हा सुरुवात त्याने त्यांच्याच एका वेदीपासून केली आणि त्यांच्याच कवींचा हवाला दिला. रोमी शताधिपतीसारखा विश्वास इस्राएलात कुठे सापडला नाही असं येशू उघड म्हणाला. दहा कुष्ठरोगी बरे झाले, आभार मानायला परतला तो शोमरोनी. हे सगळं आपल्याला माहीत असतं, पण धडा घेताना आपण ते 'विश्वास' आणि 'कृतज्ञता' अशा मथळ्यांखाली शिकवतो आणि ती माणसं परधर्मी होती हे जाता जाता सांगून पुढे सरकतो.

मला मुलांसाठी यांतली सगळ्यांत जवळची वाटते ती २ राजे, पाचव्या अध्यायातली गोष्ट. अरामाचा सेनापती नामान याच्या घरी इस्राएलातून धरून नेलेली एक लहान मुलगी कामाला होती. तिचं नाव शास्त्राने दिलेलं नाही. देश परका, देव परका, मालक शत्रूचा सेनापती आणि त्याला कोड. या मुलीच्या तोंडी फक्त एक वाक्य आहे: धनी शोमरोनातल्या संदेष्ट्याकडे गेले असते तर बरे झाले असते, असं ती मालकिणीला म्हणते. ती मालकाच्या देवाची, रिम्मोनची, निंदा करत नाही, आपल्या देवाची टिमकी वाजवत नाही, आणि आपला देव लपवूनही ठेवत नाही. ज्या घरात ती आहे त्या घराचं भलं व्हावं असं तिला वाटतं आणि तिला जे ठाऊक आहे ते ती सांगते. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती मुलाची जागा साधारण हीच आहे, फक्त आपण गुलाम नाही आणि शेजारी आपला शत्रू नाही. हा फरक मुलांना सांगायला विसरू नये. नाहीतर गोष्टीतून भलताच अर्थ निघेल.

त्या गोष्टीचा उत्तरार्ध संडे स्कूलमध्ये सहसा येत नाही. यार्देनेत सात बुड्या मारून नामान बरा होतो, इस्राएलाच्या देवाला मानतो, आणि लगेच एक अडचण मांडतो. आपला राजा रिम्मोनच्या देवळात जातो तेव्हा माझ्या हातावर टेकतो. त्याच्याबरोबर मलाही तिथे वाकावं लागतं, याची मला क्षमा व्हावी. संदेष्टा अलीशा त्याला काय म्हणतो? शांतीने जा. ना परवान्याचा कागद, ना दटावणी. या दोन शब्दांवर टीकाकारांनी पुष्कळ वाद घातला आहे. शाळेत दसऱ्याला पाटीपूजन असतं आणि वर्गातली सगळी मुलं हात जोडतात, तेव्हा आपल्या मुलाने काय करायचं, या प्रश्नाची मुळं त्या वादात आहेत. काही घरांत मूल हात जोडतं आणि मनात येशूची प्रार्थना करतं. काही घरांत ते शांत उभं राहतं. दोन्ही घरं ख्रिस्ती आहेत. मूल शांत उभं राहणार असेल तर ते बाईंना आधी कुणीतरी जाऊन सांगायला हवं, आणि ते काम मुलाचं नाही, बापाचं आहे.

प्रसादाचं तसंच, फक्त जास्त चवदार. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात आठव्या आणि दहाव्या अध्यायांत पौल मूर्तींपुढे ठेवलेल्या अन्नाचा प्रश्न इतक्या बाजूंनी फिरवतो की वाचताना दमायला होतं. मूर्ती काही नाही, म्हणून अन्नाने काही बिघडत नाही. पण दुबळ्या विवेकाच्या भावाला ठेच लागत असेल तर खाऊ नका. बाजारात विकतं ते विचारत न बसता घ्या. कुणी जेवायला बोलावलं तर जा आणि वाढलेलं खा. पण हे देवापुढचं आहे असं कुणी सांगितलं तर त्याच्यासाठी थांबा. आणि प्रभूच्या मेजावर बसणाऱ्याने दुसऱ्या मेजावर बसू नये, हेही त्यातच. या अध्यायांच्या आधारे महाराष्ट्रातल्या मंडळ्यांनी वेगवेगळे निष्कर्ष काढले. काही घरं मोदक कपाळाला लावून खातात, काही प्रेमाने नाकारतात. मी नाकारणाऱ्यांच्या घरातला आहे, पण नाकारण्याची रीत शिकवली नाही तर नुसता नकार उद्धटपणा होतो, असं माझं मत आहे. 'काकू, आमच्यात प्रसाद घेत नाहीत, पण तुमच्या करंज्या मला फार आवडतात' हे आठ वर्षांच्या मुलाला सहज म्हणता येतं. फराळ आणि प्रसाद यांतला फरक मुलं आपल्यापेक्षा लवकर ओळखतात, आणि काकूही. दुसऱ्या बाजूने, नाताळात आपण पाठवलेल्या ताटातला केक त्यांच्यातल्या एखाद्या आजींनी अंडं आहे म्हणून बाजूला ठेवला, तर तोही अपमान नाही, हे त्याच वेळी सांगून टाकावं.

आपल्या प्रांतातल्या ख्रिस्ती माणसांनी ही वाट आधी चालून पाहिली आहे. ना. वा. टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई ख्रिस्ती झाल्या सुमारे पाच वर्षांनी. मधला काळ लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'त आहे, आणि तो मराठी ख्रिस्ती घराने मुलांना वाचून दाखवावा असा आहे, कारण त्यात कुणीच पुतळ्यासारखं थोर नाही. रागावणारी, रडणारी, सोवळं सांभाळणारी बायको आणि घराला न सांगता धर्म बदलणारा नवरा. मधे मुलगा दत्तू. लक्ष्मीबाई नगरला आल्या त्या आपलं सोवळंओवळं घेऊनच. त्यांची सासरमाहेरची माणसं त्यांत येतात ती जिवंत माणसं म्हणून येतात. ख्रिस्ती झालेल्या लेखिकेने जुन्या घरावर सूड उगवलेला नाही. खुद्द टिळक तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं सांगत. मुलाला तुकाराम आवडला तर त्याच्या ख्रिस्ती असण्याला धोका आहे असं वाटणाऱ्या पालकांनी टिळकांची भजनं आपण दर रविवारी कोणत्या चालींवर म्हणतो याचा विचार करावा.

दुसऱ्याच्या मुलाशी आपण काय बोलावं, हा या विषयाचा नाजूक कोपरा. इथे पंडिता रमाबाईंची आठवण होते. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. तिथे मुलींना ख्रिस्ती धर्म शिकवायचा नाही, प्रत्येकीने आपला धर्म पाळावा, असं ठरलं होतं. रमाबाई सकाळी आपल्या लेकीबरोबर प्रार्थना करत तेव्हा दार उघडं असे, आणि काही मुली येऊन बसू लागल्या. पुण्यात गहजब झाला आणि १८९३ मध्ये रानडे-भांडारकर यांच्यासारखी मंडळी सल्लागारपदावरून दूर झाली. उघडं दार म्हणजे शिकवणं का? रमाबाईंची बाजू मला पटते, आणि त्या मुलींच्या पालकांची धास्तीही पटते. गंमत म्हणजे हीच रमाबाई काही वर्षांपूर्वी इंग्लंडात वाँटेजच्या सिस्टरांशी पत्रांतून भांडत होती, तेही स्वतःच्या लेकीवरून: माझ्या मनोरमेला धर्माचं काय आणि किती शिकवायचं, हे माझ्याशिवाय कुणी ठरवायचं नाही. आईचा हक्क काय असतो हे तिला दोन्ही बाजूंनी कळलं होतं. आपल्या मुलांना म्हणून एवढं सांगावं की मैत्रिणीने विचारलं तर जरूर सांग, पण तिच्या आईपासून लपवावं लागेल असं काही तिला सांगू नकोस. मिशन शाळांतल्या शिक्षकांसाठी तर कायदाच आहे. राज्यघटनेच्या २८ व्या कलमानुसार सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत अज्ञान मुलाला धर्मशिक्षणाला बसवायचं तर पालकाची संमती लागते.

आता जे प्रकरण लिहिताना सगळ्यांत जास्त वेळ गेला ते. सहावी-सातवीपर्यंत आपलं मूल येशूच्या प्रेमाच्या गोष्टी ऐकतं, आणि मग एके दिवशी वर्गात किंवा मोबाइलवर कुणीतरी त्याला 'बाटगा' म्हणतं आणि गोव्याचं विचारतं. त्या क्षणी त्याला गोवा पहिल्यांदा ऐकायला मिळाला तर आपण हरलो. १५६७ साली पोर्तुगीज अमलाखाली सासष्टीतली देवळं पाडली गेली. इन्क्विझिशन १५६० मध्ये आलं आणि मधला थोडा खंड सोडला तर १८१२ पर्यंत टिकलं. मंगेशीला सहल गेली की मुलं ते सुंदर देऊळ पाहतात. तो देव मुळात कुठ्ठाळचा आणि भक्तांनी तो नदीपलीकडे का नेला, हे आपणच त्यांना तिथे उभं राहून सांगावं. त्याच सासष्टीत फादर थॉमस स्टीफन्स राहिले. इंग्लंडात जन्मलेला हा जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला, मराठी शिकला आणि १६१६ साली त्याचं 'ख्रिस्तपुराण' राचोलला छापलं गेलं: सुमारे अकरा हजार ओव्या. नव्या ख्रिस्ती झालेल्या लोकांची जुनी पुराणं बंद केली, मग त्यांनी वाचायचं काय, या गरजेतून ते जन्मलं. ज्या सत्तेने पोथ्या हिरावल्या तिच्याच छत्राखाली एका माणसाने त्या लोकांच्या छंदात पोथी लिहून दिली. यातलं कुठलंही अर्धं एकट्याने सांगितलं तर ते खोटं ठरतं. चौदा वर्षांच्या मुलाला दोन्ही अर्धी झेपतात; न झेपणारे बहुतेक वेळा आपण असतो.

थोडा दिलासा देणारी गोष्ट घंटांची. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि तिथल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी विजयाची खूण म्हणून नेल्या. त्यांतल्या कितीतरी आज देवळांत आहेत: भीमाशंकरला, नाशिकला नारोशंकराच्या देवळात, वाईजवळ मेणवलीला. मेणवलीच्या घंटेवर बाळ येशूला घेतलेली मरिया कोरलेली आहे. ही लूट की ठेवा, यावर मुलांनी भांडावं. वसईच्या मुलांनी तर जरूर भांडावं.

छळ एकाच बाजूने झाला असंही नाही. १९९९ च्या जानेवारीत ओडिशात मनोहरपूरला मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुलं फिलिप आणि टिमोथी यांना गाडीत जाळलं गेलं. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीरपणे सांगितलं. पालकांच्या मनातली भीती निराधार नसते, म्हणून तिची चेष्टा या पुस्तकात कुठेही नाही. पण ती भीती मुलाच्या हातात 'ते लोक असेच' अशा वाक्यात देऊ नये. मनोहरपूरला जाळणारी माणसं होती आणि आपल्याकडे नाताळच्या आदल्या रात्री चर्चबाहेर गाड्यांची गर्दी आवरायला उभी राहणारी मुलंही त्याच धर्माची असतात. सप्टेंबरात वांद्र्याच्या मोतमाउलीच्या जत्रेला आणि हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला जे लोटतात त्यांत हिंदू किती असतात, हे कुणी मोजत बसत नाही.

हिंदू शेजाऱ्यावर इतकं लिहिल्यावर बाकीच्यांना कमी जागा उरली, हा आपल्या भूगोलाचा परिणाम. तरी तीन गोष्टी सांगतो. बौद्धांविषयी बोलताना आपण बहुतेक वेळा आपल्याच नातलगांविषयी बोलत असतो. नगर, सोलापूरकडच्या कितीतरी कुटुंबांत एका पिढीने बाप्तिस्मा घेतला आणि १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर चुलत घराने बुद्धाला वंदन केलं. लग्नात दोन्ही शाखा एका मांडवात असतात. देव न मानता नीतीने जगणारा आपला काका मुलाला रोज दिसतो. तेव्हा देवाशिवाय माणूस चांगला राहूच शकत नाही, हे वाक्य संडे स्कूलमधून काढून टाकलेलं बरं. मुसलमान मित्राच्या कुराणात मरियमच्या नावाचा एकोणिसावा अध्याय आहे, हे ऐकून मुलं हरखतात. पण ईसा तिथे पैगंबर आहे, देवाचा पुत्र नाही, आणि क्रूसावरच्या मरणाविषयीही त्यांचं म्हणणं वेगळं आहे. पहिलं सांगून दुसरं लपवलं तर मुलाला ते मित्राकडूनच कळतं.

आणि यहुदी. कोकणातल्या बेने इस्राएलांची वस्ती आता विरळ झाली आहे, शनवार तेली हे त्यांचं जुनं नाव मुलांनी ऐकलेलंही नसतं. तरीही या विषयावर आपल्या मंडळ्यांत सर्वांत जास्त खोटी साक्ष दिली जाते, आणि तीही शुभ शुक्रवारी. 'यहुद्यांनी येशूला मारलं' हे वाक्य पवित्र सप्ताहातल्या नाटकांत सर्रास असतं. येशू यहुदी होता, मरिया यहुदी, बाराही शिष्य यहुदी. क्रूसाची शिक्षा रोमी सुभेदाराची, आणि मतांगिकारात त्याच पिलाताचं नाव आपण दर आठवड्याला घेतो. २८ ऑक्टोबर १९६५ च्या 'नोस्त्रा एताते' या घोषणापत्रात व्हॅटिकन परिषदेने तो आरोप सगळ्या यहुदी लोकांवर ठेवता येणार नाही असं स्पष्ट केलं, आणि इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही, हेही तिथेच म्हटलं. ज्यांना रोमचा निर्णय बंधनकारक नाही त्यांनीही नाटकाची संहिता एकदा तपासावी.

मिश्र विवाहांच्या घरांसाठी वेगळं प्रकरण आहे. कॅथलिक जोडीदाराला अशा विवाहाची परवानगी घेताना मुलांना आपल्या श्रद्धेत वाढवण्यासाठी शक्य ते सगळं करीन असं वचन द्यावं लागतं, आणि दुसऱ्या जोडीदाराला त्याची कल्पना दिली जाते. वचन सोपं, एका आजीच्या घरी देवघर आणि दुसरीच्या घरी बायबल असताना ते पाळणं सोपं नाही. त्या घरांतल्या पालकांनी मला जेवढं शिकवलं तेवढं पुस्तकांनी शिकवलं नाही, म्हणून त्या प्रकरणात उपदेश जवळपास नाही.

एक प्रश्न उरतो, आणि तो रात्री दिवा मालवल्यावर येतो. माझी मैत्रीण ख्रिस्ती नाही, ती स्वर्गात जाणार का? मंडळ्यांची उत्तरं इथे जुळत नाहीत, आणि ती जुळवण्याचा मी प्रयत्न केलेला नाही. कॅथलिक चर्चने १९६४ च्या 'लुमेन जेन्शियम'मध्ये असं मांडलं की स्वतःच्या दोषाशिवाय ज्यांना शुभवर्तमान कळलं नाही, पण जे प्रामाणिक मनाने देवाचा शोध घेतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. अनेक इव्हॅन्जेलिकल मंडळ्या ख्रिस्तावरच्या उघड विश्वासाचा आग्रह धरतात आणि योहानाच्या चौदाव्या अध्यायाकडे बोट दाखवतात. पालकांनी आपल्या मंडळीची शिकवण आहे तशी सांगावी. माझी सूचना इतकीच आहे की एखाद्या माणसाचं नाव घेऊन निकाल देऊ नये. मैत्रिणीचं नाव असलेला तो निकाल मूल दुसऱ्या दिवशी शाळेत घेऊन जातं. न्याय देवाचा आहे, आणि मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात न्यायाच्या वेळी दोन्ही बाजूंची माणसं चकित होतात, हे तर सर्वच मंडळ्या वाचतात. 'मला माहीत नाही' असं बापाने म्हटलं की मुलाचा विश्वास डळमळतो, असं मला आजवर दिसलेलं नाही.

पुस्तक वाचण्याची रीत. ते पहिल्या पानापासून वाचायची गरज नाही. गणपती तोंडावर आले असतील तर प्रसादाचं प्रकरण आधी वाचा, आणि शक्य असेल तर नवरा-बायकोने मुलं झोपल्यावर त्यावर एकदा भांडून घ्या. मुलांसमोर दोन उत्तरं जाण्यापेक्षा ते बरं. घरात आठवी-नववीतलं मूल असेल तर गोव्यापासून सुरुवात करा. पाच-सहा वर्षांच्या मुलांसाठी नामानाच्या घरातल्या मुलीची गोष्ट शेवटी मोठ्या अक्षरात दिली आहे, तिच्या खाली प्रश्न मुद्दाम दिलेले नाहीत. आणि प्रत्येक धर्मावरचं प्रकरण छापण्याआधी त्या त्या धर्माच्या माणसांना वाचायला दिलं होतं. त्यांनी सुचवलेल्या बहुतेक दुरुस्त्या केल्या. जिथे केल्या नाहीत तिथे त्यांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत समासात ठेवलं आहे. मुलाला वाचून दाखवताना समासही वाचावा.